एकतर्फी नावाचा कप्पा

आमच्या इमारतीत, म्हणजे मुलुंड पूर्वेला, माझी ख्याती ईमेलची जाणकार अशी आहे. तळमजल्यावरच्या काकू, चौथ्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर, सोसायटीचे खजिनदार, सगळ्यांच्या फोनमधला कचरा मी साफ करून दिला आहे. लोक लिंबाचं लोणचं घेऊन येतात आणि फोन पुढे करतात. लोणचं मी ठेवून घेते.

या विद्येची सुरुवात रागातून झाली. अंधेरीच्या एका कचेरीत मी एकतीस वर्षं तक्रार विभागात होते. लोक चिडून पत्रं लिहायचे, आम्ही शांतपणे उत्तरं लिहायचो. उत्तर काय द्यायचं ते साहेब ठरवत, पण उत्तर द्यायचं की नाही हा प्रश्नच नसे. अगदी काही सांगण्यासारखं नसलं, तरी 'आपले पत्र मिळाले, विचाराधीन आहे' एवढं तरी पंधरा दिवसांत जायलाच हवं. एक गृहस्थ दर महिन्याला नुसत्या शिव्या लिहून पाठवायचे, त्यांनासुद्धा आम्ही पोच दिली. मग शेवटच्या काही वर्षांत संगणकाने आपोआप जाणारी पत्रं आली आणि त्यांच्या तळाशी एक ओळ आली: 'कृपया या ईमेलला उत्तर देऊ नये.' ती मराठीत कशी लिहायची हे मलाच विचारलं होतं. 'कृपया' हा शब्द मी घातला. मूळच्या ओळीत तोही नव्हता.

निवृत्त झाल्यावर ती ओळ माझ्याच घरी रोज येऊ लागली. सकाळी चहा घेऊन बसावं तर चाळीस पत्रं. चप्पल विकणारे, विमान विकणारे, मी कधीकाळी ज्याच्याकडून एक मिक्सर घेतला होता तो दुकानदार माझ्या वाढदिवसाला शुभेच्छा देणारा. आभार मानायला गेलं तर पत्र परत. वाढदिवस एकदा नाही, दोनदा झाला त्या वर्षी, कारण मिक्सरवाल्याने तारीख चुकीची लिहून घेतली होती आणि ती चूक त्याला कळवायची काही सोय नव्हती. ज्याला ऐकायचं नाही त्याने तोंड उघडू नये, हे माझं मत तेव्हाही होतं आणि मी ते कोणालाही ऐकवायची. मी एकटी राहते. लग्न केलं नाही, आई होती तोवर ती माझ्याकडे होती. आई गेल्यावर घरात बोलायला कोणी नव्हतं, त्यामुळे मतं जरा जास्तच मोठ्याने मांडली जात असतील.

आईला जाऊन दीड वर्ष झालं होतं त्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या जाहिरातींनी डोकं उठवलं तेव्हा मी बसून नियम केला. ईमेलमध्ये तशी सोय असते: अमुक प्रकारचं पत्र आलं की ते डोळ्यांसमोर न आणता परस्पर अमुक कप्प्यात टाक. पहिला नियम फसला. मी पत्राच्या मजकुरात 'रिप्लाय' हा शब्द शोधायला सांगितलं, तर कचेरीतल्या माझ्या जुन्या मैत्रिणीचं 'रिप्लाय कर गं बाई, मेलीस की काय' हे पत्रही आत गेलं. चार दिवसांनी तिने फोन करून यथेच्छ शिव्या घातल्या. मग मी शहाणी झाले. मजकूर नाही, पाठवणाऱ्याचा पत्ता बघायचा. पत्त्यातच 'नो-रिप्लाय' किंवा 'डू-नॉट-रिप्लाय' असेल तर तो माणूस नाहीच. गॅस, वीज आणि बँक एवढे तीन अपवाद ठेवले, बाकी सगळे आत. येतानाच त्यावर 'वाचलं' अशी खूण होऊ दे, म्हणजे न वाचलेल्यांचा आकडासुद्धा दिसायला नको. कप्प्याला नाव दिलं 'एकतर्फी'.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पत्रं होती. एक मैत्रिणीचं आणि एक विजेचं बिल. महिनाभर मी अधूनमधून कप्प्यात डोकावून पाहिलं की कोणी चुकून अडकलं तर नाही ना. कोणी अडकलं नव्हतं. नोव्हेंबर लागला आणि मी डोकावणं सोडून दिलं.

आता दादाबद्दल सांगायला हवं. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. वडील गिरणीत होते, आम्ही भांडुपच्या टेकडीवर एका खोलीत वाढलो. दादा एका सरकारी कचेरीत लागला आणि मुख्य लिपिक होऊन निवृत्त झाला. राहतो चारकोपला. मुलुंड ते चारकोप म्हणजे मुंबई आडवी कापायची. आई माझ्याकडे शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती. दादा रोज सकाळी नऊला फोन करी आणि रविवारी येई. दोन तास येताना, दोन तास जाताना, मध्ये आईच्या खाटेशी तीन तास. त्याने कधी रविवार चुकवला नाही.

आणि आई काय करायची? मी तिला न्हाऊ घालायची, भरवायची, कूस बदलायची, आणि रोज दुपारी चार वाजले की ती दाराकडे बघून विचारायची, "झिल इलो काय गे?" झिल म्हणजे मुलगा, तशी आवस म्हणजे आई. आमची आई पन्नास वर्षं मुंबईत राहूनही मालवणीतच बोलली. मंगळवार असो, गुरुवार असो, "झिल इलो काय?" मी म्हणायची, "रविवारी येईल." पाच मिनिटांनी पुन्हा तेच. शेवटच्या आठवड्यात तिला मी कोण हे ओळखू येईनासं झालं, तेव्हाही चार वाजता प्रश्न यायचा. तो मला विचारायची, घरात कामाला असलेल्या बाईला विचारावा तसा.

तेराव्याला सगळे जमले होते. दादा कोणाला तरी सांगत होता, "आईचं शेवटपर्यंत नीट झालं, काही त्रास नाही झाला तिला." साधं बोलणं होतं. मी भात वाढत होते. माझ्या डोक्यात काय शिरलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. मी पातेलं खाली ठेवलं आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "तुला काय माहीत रे? पाहुण्यासारखा यायचास, चहा पिऊन जायचास. शेवटी शेवटी तर आईने तुझी आठवणसुद्धा काढली नाही."

दादाने ताटावरून हात उचलला, उठला, हात धुतले आणि वहिनीला म्हणाला, "चल." त्या दिवसापासून आमचा अबोला.

आमच्या घरात अबोला म्हणजे नुसतं गप्प बसणं नाही. त्याची एक रीत आहे. वडील आणि आई भांडले की आई तांब्याशी बोलायची: "तांब्या, सांग त्यांना पाणी तापलंय." वडील छताकडे बघून म्हणायचे, "आज पाळी रात्रीची आहे, कोणाला डबा करायचा असेल तर करावा." दादा आणि मी लहानपणी दहा बाय बाराच्या खोलीत आठ-आठ दिवस असे भांडलो आहोत. "कोणाची तरी कंपासपेटी इथे पडलीय." नाव घ्यायचं नाही, 'तू' म्हणायचं नाही, तोंडाकडे बघायचं नाही, पण कामाचं ते सगळं बोलायचं. आणि ज्याच्यासाठी बोललंय त्याने ऐकून तसंच कोणालाही उद्देशून उत्तर द्यायचं. असं चार-पाच वेळा झालं की कोणीतरी फिसकन हसायचं आणि अबोला मोडायचा. भिंतीशी बोललेलं भिंत पोचवते, हा सगळ्यांचा भरवसा असायचा.

यावेळी मात्र भिंतच नव्हती. तो चारकोपला, मी मुलुंडला. फोन करायचा म्हणजे थेट बोलायचं, आणि आधी कोणी बोलायचं? चूक माझी होती हे मला तेराव्याच्या संध्याकाळीच कळलं होतं. पण नाक वर ते वरच. गणपतीला गावी आम्ही दोघं एका घरात पाच दिवस राहिलो आणि मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

गावच्या गणपतीची एक यादी आहे. भावकीतली मुंबईची सात घरं, कोण कधी येणार, कोणी काय आणायचं: गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या माटवीला बांधायची फळं कोणाकडे, मोदकांची पिठी कोणाकडे, कापूर-वाती कोणाकडे. पूर्वी हे सगळं फोनाफोनीवर चालायचं आणि दरवर्षी तीन घरं कापूर आणायची, नारळ कोणीच नाही. म्हणून मी संगणकावर तक्ता केला, सगळ्यांना उघडता येईल असा. ज्याने त्याने आपल्या ओळीत भरायचं. दरवर्षीचं वेगळं पान. गणपती झाले की त्या यादीकडे पुढच्या वर्षापर्यंत कुत्रं फिरकत नाही.

पुढच्या जुलैत मी नवीन पान करायला यादी उघडली. मागच्या वर्षीच्या पानावर माझ्या ओळीच्या कोपऱ्यात, जिथे 'कापूर, उदबत्ती, वाती' लिहिलं होतं तिथे, पिवळी खूण होती. त्या तक्त्यात कोणत्याही चौकोनावर टिप्पणी लिहून ठेवता येते. ती लिहिली की ज्याने तक्ता केला त्याला आपोआप ईमेल जातं. तक्ता मी केलेला. मी खुणेवर बोट ठेवलं आणि बाजूला टिप्पण्यांची रांग उघडली. सगळ्या दादाच्या.

पहिली नोव्हेंबरातली होती. 'संबंधितांनी आणलेला कापूर पुरून उरला असून तो चुकून आमच्या सामानात इकडे आला आहे. कळावे.'

मला हसू आलं. जन्मभर कचेरीत काढलेला माणूस तांब्याशी बोलायला लागला तर असाच बोलणार. त्याने भिंत शोधून काढली होती. मी केलेल्या यादीत, माझ्या ओळीवर, माझं नाव न घेता.

दुसरी तीन आठवड्यांनी. 'वरील टिप्पणीवर अद्याप उत्तर नाही.'

तिसरी डिसेंबरात. 'विषय: प्रकृती. गेले काही महिने नावे आठवत नाहीत, रस्ता चुकतो. डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढला. विसरण्याचा आजार आहे आणि तो वाढत जाणारा आहे असे त्यांचे म्हणणे. भावकीत कोणासही कळवू नये. केवळ संबंधितांच्या माहितीसाठी.'

चौथी जानेवारीतली. ती मी इतक्या वेळा वाचली आहे की मला पाठ आहे.

'एक खुलासा हवा आहे. तेराव्याच्या दिवशी संबंधितांनी सर्वांसमक्ष असे विधान केले की आईने शेवटी माझी आठवण काढली नाही. हे खरे आहे काय? खरे असल्यास तसे कळवावे, राग नाही. मात्र मला समजते आहे तोवर कळल्यास बरे होईल.'

त्याखाली फेब्रुवारीत 'स्मरणपत्र क्रमांक १.' मार्चमध्ये 'स्मरणपत्र क्रमांक २.' एप्रिलच्या सुरुवातीला पुन्हा 'स्मरणपत्र क्रमांक २.' मुख्य लिपिकाच्या हातून क्रमांक चुकला होता. एप्रिलच्या शेवटी एक अशी होती की तिच्यात कचेरी राहिलेलीच नव्हती.

'आई आठवण काढत होती का ग. सांग ना.'

शेवटची मे महिन्यातली, माझ्या ओळीवर नव्हे, भलत्याच कोणाच्या नारळाच्या ओळीवर. 'कापूर कोणी आणायचा?' त्यानंतर काही नाही.

मी 'एकतर्फी' कप्पा उघडला. खात्री करायची होती, दुसरं काय करणार? नऊच्या नऊ ईमेलं तिथे होती. तक्त्याची कंपनी ती पाठवते, म्हणून पाठवणाऱ्याच्या पत्त्यात 'नो-रिप्लाय' होतं. दादाचं नाव आत मजकुरात. माझ्या नियमाने पत्ता बघितला होता, मजकूर नाही. ती शाम्पूच्या सवलतीच्या आणि कुठल्याशा सहलीच्या जाहिरातींच्या मध्ये पडली होती, आणि प्रत्येकीवर 'वाचलं' अशी खूण होती.

मला लाज वाटली. रडू वगैरे आलं नाही, ते नंतर. आधी फक्त लाज, कान गरम होईपर्यंत. सात महिने तो लिहीत होता आणि मी लोकांच्या घरी जाऊन कचरा कसा अडवायचा हे शिकवत होते.

मी त्याचा नंबर लावला. वहिनीने उचलला.

"वहिनी, मी येतेय."

"या," ती म्हणाली. पुढे काही विचारलं नाही.

लिंक रोडच्या बसमध्ये मी वाक्य जुळवत होते. अबोल्याचं शास्त्र गुंडाळून ठेवायचं, सरळ त्याच्यासमोर बसायचं आणि सांगायचं: मी खोटं बोलले. आई रोज तुझी आठवण काढत होती, शेवटच्या दिवसापर्यंत. माझा जळफळाट झाला होता. करत सगळं मी होते आणि तिला हवा होतास तू. एवढं मी आतापर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नीटसं नाही. बस पवईला अडकली, मग आरेजवळ अडकली. मला वाटत होतं, पोचले की सुटले. एप्रिलमध्ये त्याने 'सांग ना' लिहिलं होतं, म्हणजे अजून फार उशीर झाला नसेल. जुलै होता. तीनच महिने.

वहिनीने दार उघडलं. ती वाळली होती. मला बाहेरच्या जिन्यातच थांबवून हळू आवाजात म्हणाली, "वन्सं, एवढ्या दिवसांनी?"

"वहिनी, मला कळलंच नाही गं. आज सकाळी कळलं."

"असं कसं? त्यांनी लिहिलं होतं तुम्हाला. माझ्यासमोर बसून लिहायचे. एकेक अक्षर शोधत. मी म्हटलं, फोन लावू का? तर नको म्हणाले. म्हणाले, तिने वाचलंय, ती उत्तर देईल, तिला उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही."

"ती पत्रं माझ्यासमोर आलीच नाहीत. मशीनने बाजूला टाकली."

"मशीनला कोणी सांगितलं?"

"मीच."

वहिनीने माझ्याकडे बघितलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. "मला वाटलं, तुम्हाला कळून तुम्ही गप्प आहात," ती म्हणाली. "म्हणून मग मीपण फोन नाही केला." एवढं बोलून ती बाजूला झाली आणि मी आत गेले.

दादा हॉलमध्ये खाली बसला होता. पुढ्यात परातीत भिजवलेले वाल होते आणि तो एकेक दाणा चिमटीत धरून साल काढत होता. दाढी व्यवस्थित केलेली, सदरा इस्त्रीचा. त्याने मान वर केली आणि त्याचं तोंड उजळलं.

"अगो! कधी इलंस? बस, बस. चाय घेतलंस?"

अबोल्याचा मागमूस नव्हता. तो कधीच माझ्याशी मालवणी बोलला नव्हता, आम्ही दोघं शाळेतलं मराठी बोलायचो. मालवणी तो फक्त आईशी बोलायचा. मी त्याच्यासमोर बसले. मला इतका आनंद झाला की काय सांगू. तो माझ्याकडे बघून हसत होता, सव्वादोन वर्षांनी. मला वाटलं, आता बोलून टाकायचं, वेळ घालवायचा नाही.

"दादा, तू विचारलं होतंस ना, ते सांगायला आलेय. मी तेव्हा खोटं बोलले रे. आई शेवटपर्यंत तुझी आठवण काढत होती. रोज काढत होती."

त्याचे हात थांबले.

"शेवटपर्यंत म्हणजे?" तो म्हणाला. "आवस गेली?"

स्वयंपाकघराच्या दारात वहिनी उभी होती. तिने कपाळाला हात लावला. मी काहीच बोलू शकले नाही आणि माझ्या न बोलण्यावरून त्याला कळलं.

"कधी गेली? माका कोणी सांगूक नाय?" तो एकदा माझ्याकडे, एकदा वहिनीकडे बघत होता. "माका कोणी बोलावूक नाय?" मग तो रडायला लागला, ओल्या हातांनी तोंड झाकून, मोठ्याने. आई गेली त्या दिवशी तो असा रडला नव्हता. त्या दिवशी तो डॉक्टरांच्या सह्या, गाडी, लाकडं, सगळं बघत होता.

वहिनी येऊन त्याच्या शेजारी बसली. "नाही हो, गावाला गेल्यात त्या. वन्संचं बोलणं तुम्ही चुकीचं ऐकलंत." तो तिच्याकडे बघत राहिला. तिने ते चार-पाच वेळा सांगितलं, त्याच आवाजात. हळूहळू त्याचं रडणं ओसरलं. तिने परात पुन्हा त्याच्यासमोर सरकवली. त्याने एक वाल उचलला.

नंतर स्वयंपाकघरात ती मला म्हणाली, "रोज विचारतात, आई कुठे. आधी मी खरं सांगायची. चार वेळा सांगितलं. चारही वेळा नव्याने गेल्या त्या यांच्यासाठी. मग डॉक्टर म्हणाले, नका सांगू." तिने चहा गाळला. "तुम्हाला दारातच सांगायला हवं होतं. मला काय माहीत तुम्ही हेच बोलणार ते."

"त्याने मला काय विचारलं होतं, ते त्याला आठवतं का?"

"मेपर्यंत होतं. मे महिन्यात तर दिवसातून दहादा विचारायचे, तिचं उत्तर आलं का? मी मोबाइल बघून सांगायची, नाही आलं." तिने कप भरले. "जूनमध्ये विचारायचे बंद झाले. मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू?"

आम्ही चहा घेऊन बाहेर गेलो. दादाने वर बघितलं आणि त्याचं तोंड पुन्हा उजळलं. "अगो, कधी इलंस?"

नियम मी त्याच रात्री काढून टाकला. इमारतीत कोणी विचारलं तर आता मी सांगते की मला जमत नाही. त्यांना ते खरं वाटत नाही, लोणचं घेऊन येतातच.

दर शनिवारी मी चारकोपला जाते. वहिनीला तेवढाच बाजाराला वेळ मिळतो. दादा आणि मी समोरासमोर बसून जे काही निवडायचं, सोलायचं असेल ते करतो. माफी मी मागितलेली नाही. ती मागायची तर मी काय बोलले होते ते आधी त्याला सांगावं लागेल आणि तो ते पहिल्यांदाच ऐकेल. आई गेल्याचंही त्यात येईल. एकदा पाहिलं तेवढं पुरे झालं. पण त्याने जे विचारलं होतं त्याचं उत्तर देता येतं, एवढं मला काही आठवड्यांनी सुचलं.

तो विचारतोच. "आवस बरी आसा मां?"

"बरी आसा," मी म्हणते. त्याच्याशी मीही आता मालवणीच बोलते, तुटकं, आईचं ऐकून जेवढं येतं तेवढं. "रोज तुझी आठवण काढता. चार वाजले की दाराकडे बघता आणि विचारता, झिल इलो काय?"

तो ऐकताना हातातलं काम थांबवतो. दर वेळी. पाच महिने ज्याची वाट पाहिली ते हेच, याची त्याला काही कल्पना नसते, पण चेहरा तसाच होतो, हळूहळू सैल. मग माझ्याकडे बघतो आणि लहानपणी रागवायचा तसा, खोटं खोटं रागावून विचारतो:

"मगे तू माका आधी कित्याक सांगूक नाय?"